अंगणातील पाखरे आणि त्यांचे अन्न

मदनमहालच्या टेकड्यांवरील ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा आणि जुने तलाव यांसाठी जबलपूर प्रसिद्ध आहे. अधारताल, रानीताल ही वस्त्यांची नावे त्या तलावांवरूनच पडली. या शहरातही कौलारू घरांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहिली आणि वळचणीला घरटे करणाऱ्या चिमणीचा आसरा आक्रसला. तिच्यासाठी लाकडी खोकी टांगणारे लोक आता पुष्कळ आढळतात. परंतु जागा मिळाली म्हणजे चिमणीचा संसार चालतो असे नव्हे.

मूठभर ज्वारी अंगणात टाकली की पाखरांचे भागले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मोठ्या चिमणीला धान्य चालते, हे खरे. पिल्लाला मात्र आरंभीच्या दिवसांत मऊ अळ्या व बारीक किडेच लागतात. अंड्यातून बाहेर पडल्यावर सुमारे 15 दिवसांत ते घरटे सोडते. एवढ्या अल्पावधीत शरीर घडवावयाचे, तर प्रथिनेही तशीच विपुल हवीत. ज्या बागेत विषारी फवारणीने एकही कीटक उरलेला नाही, तेथे धान्याची रास घातली तरी पिल्ले उपाशीच राहणार.

लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावरील अळीचेच पाहा. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते आणि शेवटी तिचे फुलपाखरू बनते. थोडी पाने गेली म्हणून वाढलेले झाड मरत नाही. शिंपी पक्ष्यासारखे कीटकभक्षी पक्षी अशा झुडपांतूनच आपले भक्ष्य टिपत असतात.

मग वाटेल ते तण माजू द्यावे काय? मुळीच नाही. 1989 साली जबलपूर येथे तणविषयक राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. गाजरगवताची पाने फस्त करणाऱ्या मेक्सिकन भुंगेऱ्यांचा प्रसार करण्याचे कार्य या संस्थेने केले आहे. पावसाळ्यात हे भुंगेरे अंगणात दिसल्यास त्यांना मारू नये. गाजरगवत फुलण्यापूर्वीच हातमोजे घालून मुळासकट उपटावे. त्याने त्वचेचे व श्वसनाचे विकार होतात. शोभेची म्हणून या देशात आलेली घाणेरी आज जंगलेच्या जंगले व्यापून बसली आहे. तिच्याऐवजी करवंद वा अडुळसा लावावा. अडुळशाच्या फुलांतील मधासाठी शिंजीर येतो, आणि तोही पिल्लांना कीटक व कोळीच भरवतो.

मे महिन्यात येथे पारा 40 अंशांपलीकडे जातो. तेव्हा मातीच्या उथळ परळात, दोन बोटे खोल, पाणी ठेवावे. त्यात एक दगड घालावा, म्हणजे बारीक पाखरांना उभे राहता येते. पाणी रोज बदलून परळ घासावे, अन्यथा त्यात डासांची पैदास होईल. मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाला परळ अगदी खेटून नसावे.

गळलेली पानेही जाळू नयेत. कुंपणाच्या एका कोपऱ्यात ती साठू द्यावी. सातभाईंचा थवा कलकलाट करीत येतो, पाचोळा उलथापालथा करतो आणि त्याखालील किडे वेचून पुढच्या अंगणात निघून जातो.