ड्राफ्टचा शुक्रवार

२५ एप्रिल २०२५, नेपरव्हिल, इलिनॉय

पहाटे ५:३०

या आठवड्यात फोनच्या आधी वही उघडायची, असा माझा नियम आहे. वहीत यंदाच्या रूकींची, म्हणजे कॉलेजातून व्यावसायिक फुटबॉलमध्ये नव्याने येणाऱ्या खेळाडूंची, यादी आहे. मार्चअखेरीस शाईने लिहिलेली: नाव, वय, कॉलेज आणि प्रत्येकाच्या खेळाबद्दल चार-पाच ओळी. शेवटचा रकाना मात्र कोरा ठेवलेला असतो. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, खऱ्या ड्राफ्टमध्ये तो खेळाडू कितव्या क्रमांकावर गेला, एवढंच तिथे भरायचं.

काल रात्री ग्रीन बेला पहिली फेरी झाली. आज सकाळी दहा रकाने भरले. कॅम वॉर्ड १, ट्रॅव्हिस हंटर २, ॲश्टन जेंटी ६, टेटायरोआ मॅकमिलन ८, मग आमच्या शिकागो बेअर्सने घेतलेला टाइट एंड कोल्स्टन लव्हलँड १०. टायलर वॉरन १४, एमेका एगबुका १९, ओमारियन हॅम्प्टन २२, मॅथ्यू गोल्डन २३, जॅक्सन डार्ट २५. जेंटीच्या नावापुढे मी फार काही लिहिलंच नव्हतं. बोइसी स्टेटकडून एका मोसमात २,६०१ यार्ड धावलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाबद्दल आमच्या फॅन्टसी लीगमधल्या बारा जणांत मतभेद होण्याचं कारण नाही.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साध्या फॅन्टसी फुटबॉलमध्ये दर वर्षी कागदावरचा संघ नव्याने निवडायचा. खऱ्या सामन्यात तुमचे खेळाडू जे करतील त्याचे गुण तुम्हाला. आम्ही खेळतो त्या डायनॅस्टीत संघ मोडत नाही. एकदा घेतलेला खेळाडू तुम्ही सोडेपर्यंत, दुसऱ्याला देईपर्यंत किंवा तो निवृत्त होईपर्यंत तुमचाच. त्यामुळे लीगमध्ये नवं रक्त येण्याचं मोठं दार एकच, मे महिन्यातला रूकी ड्राफ्ट. गेल्या मोसमात खाली राहिलेला आधी निवडतो. येत्या रविवारी कोण खेळेल हा प्रश्न इथे दुय्यम असतो. तीन वर्षांनी कोण खेळत असेल, हे आज ओळखायचं असतं.

माझ्याकडे यंदा १.०६ आणि २.०३ आहेत, म्हणजे पहिल्या फेरीतली सहावी आणि दुसऱ्या फेरीतली तिसरी निवड. आमची लीग सुपरफ्लेक्स आहे. दोन क्वार्टरबॅक खेळवता येत असल्यामुळे वॉर्ड लवकर जाणार. जेंटी, हॅम्प्टन, मॅकमिलन आणि हंटरही माझ्या आधी जातील. उरलेल्यांत माझा खेळाडू कोण, याचं उत्तर आज संध्याकाळी मिळायला हवं.

सकाळी ७:१५

मेट्राची बीएनएसएफ लाइन, युनियन स्टेशनकडे. गाडीत मी सामने पाहते. आज पुन्हा ओहायो स्टेटचे दोघे, ट्रेव्हियॉन हेंडरसन आणि क्विन्शॉन जडकिन्स. जानेवारीत नोत्र दामला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या संघात दोघांनी रनिंग बॅकची जागा वाटून घेतली होती. जडकिन्स १९४ वेळा चेंडू घेऊन १,०६० यार्ड धावला. हेंडरसन १४४ वेळांत १,०१६. आकडे पाहून हेंडरसनकडे झुकणं सोपं आहे, पण मी आता त्याची धाव पाहतच नाही. चेंडू त्याच्याकडे नसतो तेव्हा तो काय करतो, ते पाहते.

क्वार्टरबॅक पास टाकायला मागे सरकतो आणि समोरून लाइनबॅकर धावत येतो. त्या क्षणी रनिंग बॅकने त्याला अडवायचं असतं. नवख्या पोरांना हे जमत नाही आणि प्रशिक्षक त्यांना मैदानाबाहेर बसवतो, कारण क्वार्टरबॅकला मार बसू देणं कोणालाच परवडत नाही. हेंडरसन अडवतो. अंगाने जडकिन्सपेक्षा लहान असूनही समोरच्याच्या छातीत शिरतो. वहीत त्याच्या नावाखाली ही ओळ आहे आणि आज ती पुन्हा एकदा पडताळून पाहिली. अडवता येतं म्हणजे तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नालाही, तो मैदानात राहील, मैदानात राहिला म्हणजे पास झेलेल, आणि आमच्या लीगमध्ये प्रत्येक झेलाला गुण आहे. जडकिन्सबद्दलही माझं मत चांगलं आहे. ओले मिसकडून पहिल्याच वर्षी १,५६७ यार्ड धावणारा मुलगा कमी नसतो.

पास झेलणाऱ्या रिसीव्हरांचं काम अवघड. सगळे बावीस खेळाडू दिसतील असं चित्रण कॉलेजच्या सामन्यांचं सहज मिळत नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो आणि रिसीव्हर चौकटीबाहेर निघून जातो. म्हणून तिथे आकड्यांचा आधार घ्यावा लागतो. मी दोन पाहते: प्रत्येक रूटमागे, म्हणजे पाससाठी आखलेल्या प्रत्येक धावेमागे, त्याने किती यार्ड मिळवले, आणि किती लहान वयात तो आपल्या संघाचा मुख्य रिसीव्हर झाला. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या मुलांत उठून दिसणारा आणि तेविसाव्या वर्षी लहान मुलांत उठून दिसणारा, यांच्यात फार अंतर असतं.

सकाळी ९

ऑफिस. महिनाअखेरीचे हिशेब. फोन बॅगेत.

दुपारी १२:३०

जेवणाच्या टेबलाशी ग्रीन बे पॅकर्सचा एक कट्टर चाहता असतो, तो आज जमिनीवर नाही. २००२ नंतर पहिल्यांदाच पॅकर्सनी पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतला, तोही लॅम्बो फील्डच्या अंगणात, स्वतःच्या गर्दीसमोर. जेमतेम एक लाखाच्या गावात केवढं लोटलेलं माणूस! त्याने मला गोल्डनचा इंडियानापोलिसच्या कम्बाइनमधला, म्हणजे ड्राफ्टपूर्व चाचण्यांमधला, वेळ पुन्हा ऐकवला, चाळीस यार्ड ४.२९ सेकंदांत.

मला गोल्डन आवडतो. हवेतला चेंडू तो शेवटच्या क्षणी हात पुढे करून घेतो, बचाव करणाऱ्याला सुगावा लागू देत नाही. मात्र त्या ४.२९ साठी मी त्याला एकही जागा वर सरकवलेलं नाही. २०१७ मध्ये जॉन रॉस ४.२२ मध्ये धावला, तेव्हाचा विक्रम होता तो, आणि नवव्या क्रमांकावर गेला. एका मोसमात त्याने सर्वांत जास्त केले ते ५०६ यार्ड. वेगाने दार उघडतं, पण आत टिकायला रूट नेमकेपणाने धावता यावं लागतं.

दुपारी ३:३०

पुण्यात मध्यरात्र उलटून दोन वाजलेत, तरी मावसभावाचा मेसेज आला. त्याने दोन वर्षांपूर्वी आमच्या लीगमधला एक बेवारशी संघ घेतला. आधीचा मालक मध्येच सोडून गेला होता, आणि अशा संघाला ऑर्फनच म्हणतात. म्हातारे खेळाडू, निवडी विकून खाल्लेल्या. ते सगळं तो नेटाने पुन्हा उभारतोय.

“ताई, डेरिक हेन्री घेतेस का? तुझी २.०३ दे.”

हेन्रीने गेल्या मोसमात १,९२१ यार्ड केले, पण तो एकतीस वर्षांचा आहे. बहुतेक रनिंग बॅक सत्तावीस-अठ्ठावीसनंतर उताराला लागतात. हेन्री अपवाद आहे, आणि अपवादाची किंमत एका रात्रीत शून्य होऊ शकते. संघ उभारणाऱ्याने त्याला विकायलाच हवं. माझा संघ जिंकण्याच्या बेतात आहे, मला तो हवाच आहे. दोन्ही बाजूंनी रास्त असा सौदा.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. मी या लीगची कमिशनर आहे आणि तो माझा भाऊ आहे. त्याला लिहिलं, “आधी लीगच्या ग्रुपवर टाक. हेन्री विकायचा आहे, सगळ्यांना कळू दे. एक दिवस थांब. माझ्यापेक्षा चांगली ऑफर आली तर ती घे, नाही आली तर मी आहेच.”

मला हे महत्त्वाचं वाटतं. डायनॅस्टी लीग खेळाडूंच्या दुखापतींनी मरत नाही, अविश्वासाने मरते. बारातल्या दोघांचं काहीतरी आतून चाललंय असं बाकीच्या दहांना वाटलं की पुढच्या वर्षी तीन ऑर्फन तयार. म्हणून आमचे नियम थोडे आणि पक्के आहेत. पुढच्या वर्षीची निवड विकायची असेल तर पुढच्या वर्षीची वर्गणी आत्ताच भरायची, म्हणजे भविष्य विकून कोणी पळत नाही. प्लेऑफ हुकलेल्यांचा क्रम प्रत्यक्ष गुणांवर लागत नाही. दर आठवड्याला त्यांच्या संघातून जास्तीत जास्त किती गुण निघू शकले असते, त्यावर लागतो. मग मुद्दाम चांगले खेळाडू बाकावर बसवून हरण्यात कोणालाच लाभ उरत नाही. बहुमताने ट्रेड रद्द करायची सोय आम्ही ठेवलेली नाही. आपल्याला न आवडलेला सौदा आणि लबाडीचा सौदा, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

संध्याकाळी ६

दुसरी आणि तिसरी फेरी. पिठलं-भात करून ठेवलाय. लीगमधले सर्वांत ज्येष्ठ, आमचे शेजारी काका, बेअर्सची जर्सी घालून आलेत. १९८५ चा विजेता संघ त्यांनी ऐन तारुण्यात पाहिला आणि तेव्हापासून ते दर एप्रिलमध्ये नव्या आशेने टीव्हीसमोर बसतात. पुण्यात पहाटेचे साडेचार झालेत. भाऊ झोपलेलाच नाही.

३६ वर जडकिन्स, क्लीव्हलँडला. ही निवड काल हंटरच्या सौद्यात जॅक्सनव्हिलकडून त्यांच्याकडे आली होती. ३८ वर हेंडरसन, न्यू इंग्लंडला. दोघांच्या रकान्यांत दोनच आकड्यांचा फरक. ग्रुपवर लगेच सुरू झालं की न्यू इंग्लंडकडे रमांद्रे स्टीव्हन्सन आहे, हेंडरसनला चेंडू मिळणार नाही, क्लीव्हलँडमध्ये जागा मोकळी आहे, तेव्हा जडकिन्स वर.

माझा सगळा भर इथेच आहे. संघाने खेळाडूसाठी कितवी निवड मोजली, याला मी फार मान देते. ती निवड म्हणजे पैसा असतो, जनरल मॅनेजरची नोकरी असते. महाग घेतलेल्या मुलाला ते पुन्हा पुन्हा संधी देतात. पण तो ज्या गावी गेला तिथे आज कोण बसलंय, याला मी जवळजवळ किंमत देत नाही. आजचा रोस्टर वर्षभरात बदलतो. २०२० मध्ये क्लाईड एडवर्ड्स-हिलेर पहिल्या फेरीच्या शेवटी, ३२ वर, कॅन्सस सिटीला गेला. पॅट्रिक महोम्सचा संघ म्हणून असंख्य लीगमध्ये तो रूकींत पहिला निवडला गेला. जोनाथन टेलर ४१ वर इंडियानापोलिसला गेला, तिथे मार्लन मॅक होता म्हणून लोक कचरले. पुढच्याच मोसमात टेलर १,८११ यार्ड धावून एनएफएलमध्ये पहिला आला.

म्हणून वहीत हेंडरसन जडकिन्सच्या वर होता, तो वरच राहिला.

३९. शिकागो बेअर्स, लूथर बर्डन, रिसीव्हर, मिझूरी. काका उभेच राहिले! “अगं, काल लव्हलँड, आज हा!” मग लगेच काळजीने विचारलं, “पण डीजे मूर आहे, ओडुन्झे आहे. याला चेंडू कोण देणार?” मी त्यांना तेच सांगितलं जे वर लिहिलंय. बर्डनने २०२३ मध्ये १,२१२ यार्ड केले होते, गेल्या वर्षी ६७६ वर आला. तरीही खऱ्या संघाने दुसऱ्या फेरीत त्याच्यासाठी मोल मोजलं. ग्रुपवर तो घसरतोय. २.०३ ला तो शिल्लक असेल तर ही निवड हेन्रीसाठी द्यायची की नाही, याचा मला नव्याने विचार करावा लागेल.

४० वर न्यू ऑर्लिन्सने टायलर शक हा क्वार्टरबॅक घेतला. सप्टेंबरात तो सव्विसाचा होईल. सुपरफ्लेक्समध्ये दुसऱ्या फेरीतल्या क्वार्टरबॅकला किंमत आहेच. वहीत त्याला सात जागा वर नेलं.

६० वर डेन्व्हरने आरजे हार्वी घेतला आणि ग्रुप पेटला. शॉन पेटनचा संघ, पास झेलणाऱ्या रनिंग बॅकवर प्रेम करणारा प्रशिक्षक. हार्वी मला फारसा आवडलेला नव्हता, चोवीस वर्षांचा आहे, अडवण्यात कच्चा. ६० हा आकडा मात्र खरा आहे, तेव्हा तोही वर गेला. किती, तर बर्डनच्या खालपर्यंत.

मग बराच वेळ केलेब जॉन्सनचं नाव येईना. आयोवाकडून १,५३७ यार्ड, आणि तरी तो तिसऱ्या फेरीत ८३ वर पिट्सबर्गला गेला. नाजी हॅरिस तिथून गेलाय, जागा रिकामी, म्हणून ग्रुपवर जल्लोष. मी त्याला चार जागा खाली आणला. ब्याऐंशी वेळा संधी असताना कोणीच त्याला घेतलं नाही. रिकामी खुर्ची त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही.

रात्री ११

काका घरी गेले. वहीचे रकाने भरले. १.०६ साठी हेंडरसन, तो गेलाच तर एगबुका. ओहायो स्टेटच्या इतिहासात सर्वाधिक झेल घेतलेला खेळाडू सहाव्या क्रमांकावर पर्याय म्हणून मिळतोय, म्हणजे हे वर्ष भरघोस आहे.

हेन्रीसाठी ग्रुपवर दोन ऑफर आल्या आहेत, त्यातली एक पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीची. माझ्यापेक्षा चांगली आहे. भावाला तसं लिहिलं.

त्याचा दुसरा प्रश्न होता, शडूर सँडर्स. पहिल्या फेरीत जाईल म्हणून सगळ्यांनी धरून ठेवलेला क्वार्टरबॅक तीन फेऱ्या होऊनही तसाच बसलाय. “ताई, माझ्याकडे १.०९ आहे. स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ का?”

नको, असं कळवलं. पाचव्या फेरीतून, १७७ वरून, पुका नकुआ येतो आणि रूकी म्हणून १,४८६ यार्डांचा विक्रम करतो, हे खरं आहे. पण नकुआ रिसीव्हर होता, त्याला मैदानात उतरायला तीन जागा होत्या. क्वार्टरबॅकची जागा एकच असते, आणि उशिरा घेतलेल्याला तिथे पोचायला दोघांना दुखापत व्हावी लागते. पुढे लिहिलं: १.०९ वर वॉरन किंवा बर्डन घे. सँडर्स आमच्या तिसऱ्या फेरीपर्यंत उरला तर घेऊन टॅक्सी स्क्वाडवर, म्हणजे नवख्यांच्या राखीव यादीत, ठेव. उद्या सकाळी अकराला चौथी फेरी सुरू होईल, त्यात ॲरिझोना स्टेटच्या कॅम स्कॅटबोकडे लक्ष ठेव. अंगावर आलेल्या प्रत्येक टॅकलमधून तो कसा सुटतो ते पाहा, आणि तो कितव्या क्रमांकावर गेला ते मला कळव; तेव्हा मी मंडळाच्या मराठी शाळेत असेन.