खंड पडलेल्या ड्रायव्हरचा प्रश्न

बीड जिल्हा म्हटले की ऊसतोडीचा कोयता डोळ्यांसमोर येतो, आणि ते योग्यच आहे. पण हा कोयता, ती माणसे, त्यांची भांडीकुंडी आणि पुढे तो ऊस ज्या गाडीतून जातो, त्या गाडीच्या स्टेअरिंगवरचा माणूस आपल्या लेखनात आणि चळवळीतही क्वचितच येतो. ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही अशा आमच्या माणसापुढे तीन वाटा असतात: कोयता, पुणे-मुंबई किंवा गाडी. यातली तिसरी वाट आमच्या पिढीला मोठी वाटत आली. ट्रक चालवणे हा कुठल्याही जातीचा वतनी धंदा नव्हता. दोन-चार वर्षे किन्नर म्हणून गाडी पुसावी, टायर बदलावेत, रिकाम्या रस्त्यावर उस्तादाच्या शेजारी बसून गिअर शिकावेत आणि एक दिवस लायसन काढावे. ड्रायव्हर झालेल्या माणसाला गाव जातीने हाक मारण्याऐवजी ‘ड्रायव्हर’ म्हणू लागे. हा बदल लहान नव्हता. मात्र सीट आमची झाली तरी गाडी आमची झाली नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

हे अंतर उघडे पडते ते कामात खंड पडल्यावर. मी महाविद्यालयात शिकवतो. आजारी पडलो तर मला वैद्यकीय रजा मिळते आणि परत आल्यावर माझी खुर्ची जागेवर असते. माझे मामा गेवराईकडे ट्रक चालवत. पाठीचा मणका गेला आणि ते सहा वर्षे घरी बसले. त्यांच्या बाबतीत कोणी राजीनामा मागितला नाही, कोणी कामावरून काढलेही नाही. दुसऱ्या दिवशी सीटवर दुसरा माणूस होता, एवढेच. संघटित नोकरीतला खंड म्हणजे रजा. असंघटित श्रमातला खंड म्हणजे कामाचा शेवट. खंडाची कारणे तरी कोणती? मणका, मोतीबिंदू, अपघाताची केस, घरातले आजारपण, आणि माल नसल्याने गाड्या उभ्या करणारा दुष्काळ. यांपैकी एकही कारण आळसाचे नाही.

परतणाऱ्या माणसाची पहिली गाठ कागदाशी पडते. लायसनवर दोन तारखा असतात, एक खाजगी वाहनाची आणि दुसरी मालवाहतुकीची. पहिली तारीख लांबची असते आणि ती पाहून पुष्कळजण निर्धास्त राहतात; जड वाहनासाठी उपयोगाची असते दुसरी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. मालवाहतुकीच्या लायसनची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली, ही सोय झाली. पण मुदत संपल्यावर मिळणारी तीस दिवसांची सवलत त्याच दुरुस्तीने काढून घेतली. आता तारीख संपली की त्या दिवसापासून गाडी चालवणे बेकायदा आहे. मुदत संपून एक वर्ष होण्याच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय दाखला देऊन नूतनीकरण होते. एक वर्ष उलटले तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. पूर्वी ही मर्यादा पाच वर्षांची होती.

चाचणी असावी, याविषयी माझा वाद नाही. रस्त्यावर दुसऱ्यांचेही जीव आहेत. परंतु चाचणी त्याच प्रकारच्या वाहनावर द्यायची असते. बेकार माणसाने बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या आरटीओत ट्रक आणायचा कोठून? तो ओळखीच्या मालकापुढे हात पसरतो किंवा ड्रायव्हिंग स्कूलला पैसे मोजतो. ते पैसे मालकाकडून उचल म्हणून येतात. म्हणजे कामावर परतण्याआधीच तो कर्जात असतो. उचलीचा अर्थ बीड जिल्ह्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी गाठ बदललेल्या गाडीशी आणि बदललेल्या रस्त्याशी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके गेले. २०१८ पासून मालाबरोबर ई-वे बिल आले. त्याची मुदत अंतरावर ठरते, सध्या साधारण दोनशे किलोमीटरला एक दिवस. गाडी वाटेत बिघडली तर मुदत वाढवून घेतली पाहिजे, हे ड्रायव्हरला माहीत हवे. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतल्या बहुतेक जड गाड्यांत डिझेलशिवाय युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. ती रिकामी राहिली तर इंजिनची ताकद कमी होते. जुन्या उस्तादाला इंजिनचा आवाज ऐकून रोग कळे. आज डॅशबोर्डावरचा दिवा वाचावा लागतो. २००७ ते २०१९ या काळात मालवाहतुकीचे नवे लायसन काढायला आठवी पासची अट होती. ती अट गेली, पण वाचण्याची गरज उलट वाढली. अट काढणाऱ्यांनी शिकवण्याची जबाबदारी मात्र घेतली नाही.

तिसरी गाठ कायद्याच्या दुसऱ्या बाजूशी, म्हणजे ड्रायव्हरच्या हक्काशी. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तेच तत्त्व १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरला लावले: दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि एक सुटी. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सक्तीचा होता. आमच्याकडचा मालक एका-दोन गाड्यांचा. कायदा त्याच्या दारापर्यंत पोचलाच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि ही मर्यादा पाचावरून दहावर गेली. जे छप्पर आधीच तोकडे होते ते आणखी आखडले.

उलट शिक्षेला अशी मर्यादा नाही. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वी ती दोन वर्षे होती. न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेचे कलम होते. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रक थांबले आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू करताना ते कलम बाजूला ठेवावे लागले. चाके थांबली की सत्ता ऐकते, हा त्यातला धडा आहे. पण सलग अठरा तास गाडी चालवायला लावणाऱ्या मालकाला कोणते कलम लागते, हा प्रश्न त्या वेळीही कोणी नेटाने विचारला नाही. झोप न मिळालेला ड्रायव्हर अपराधी ठरतो आणि त्याला झोपू न देणारा फिर्यादी तरी होतो किंवा नामानिराळा तरी राहतो.

मग करायचे काय? कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या लायसनवरची मालवाहतुकीची तारीख वहीत लिहून ठेवावी. काम बंद असतानाही नूतनीकरण चालू ठेवावे. कामावर असताना अपघात झाला तर एका गाडीच्या मालकाकडूनही भरपाई मागण्याचा हक्क आहे आणि दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो, हे घरोघर सांगावे. पुष्कळांचा खंड हा अशाच न मागितलेल्या भरपाईचा परिणाम असतो. विद्यार्थ्यांनी ई-वे बिल, फास्टॅग आणि डॅशबोर्डावरचे दिवे यांची उजळणी सुटीच्या दिवशी समाजमंदिरात घ्यावी. चाचणीसाठी सरकारी गाडी मिळावी, ही मागणी संघटनेने लेखी करावी. आणि परतणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात रात्रीची लांबची खेप देऊ नये, एवढे तरी मालकाकडून कबूल करून घ्यावे. खंडानंतर हात लवकर वळतात, डोळे आणि पाठ उशिरा.

ड्रायव्हरचे कसब ही आमच्या माणसाने कोणाच्या वतनातून न घेता स्वतः कमावलेली मिळकत आहे. ती आजारपणाने किंवा एका तारखेने जप्त होता कामा नये. शिक्षणाने आम्हाला कागद वाचता आला. तो कागद वाचून दाखवण्याचे काम आता आमच्याकडे आहे.