अनेक हात, एक ग्रंथ

एखाद्या वाचनालयाने स्मरणिका काढायचे ठरविले म्हणजे काय होते, हे आपणांपैकी पुष्कळांनी अनुभविले असेल. वीस जणांकडून वीस लेख येतात. कोणी ‘१९६० साली’ लिहितो, कोणी ‘सन १९६०’, तर कोणी इंग्रजी अंक वापरतो. एकाचे मथळे ठळक, तर दुसऱ्याचे अधोरेखित. हे सारे एका वळणावर आणण्याचे काम ज्याच्या गळ्यात पडते, त्याच्या कित्येक रात्री त्यातच जातात. हे काम यंत्रावर सोपविता येईल काय, आणि सोपवावे तर कोठपर्यंत, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

त्याची पहिली पायरी यंत्राची नव्हे, नियमांची आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचे प्रमुख होरेस हार्ट यांनी १८९३ साली खिळे जुळविणाऱ्या कामगारांसाठी नियमांची पुस्तिका काढली. मराठी साहित्य महामंडळाने सुचविलेले लेखनाचे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले. १९७२ साली भर पडून ते अठरा झाले. माणसांचेच नियम ठरले नसतील, तर यंत्र तरी काय राबविणार?

दुसरी पायरी १९६९ साली अमेरिकेत घातली गेली. आयबीएम कंपनीत गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी हे तिघे कायद्याच्या कचेऱ्यांसाठी एक योजना आखीत होते. मजकूर दुरुस्त करणे, तो शोधणे आणि त्याची पाने बांधणे ही कामे संगणकावर निरनिराळ्या प्रणाली करीत, पण एकीच्या खुणा दुसरीला कळत नसत. त्यांनी उपाय असा काढला, की ‘ही ओळ मोठ्या अक्षरांत छापा’ असे न सांगता ‘हा मथळा’, ‘ही तळटीप’, ‘हे अवतरण’ एवढेच सांगावे. रूप काय द्यायचे, ते एकाच ठिकाणी ठरवावे. फळीवरचा डबा झाकणाच्या रंगावरून ओळखला, तर झाकणे बदलताच चहात मीठ पडायचे. डब्यावर ‘मीठ’ अशी चिठ्ठी असली म्हणजे घोटाळा होत नाही. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला ‘जीएमएल’ म्हणतात. तिच्यातून निघालेली पद्धती १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरली. आज आपण संगणकावर लिहिताना मथळ्याला ‘मथळा’ अशी खूण केली, की शंभर मथळ्यांचे रूप एका आज्ञेने बदलते आणि अनुक्रमणिकाही तयार होते, ती याच विचाराची फळे होत.

आता मर्यादा पाहू. जास्तीच्या मोकळ्या जागा, अंक, विरामचिन्हे ही कामे यंत्राने खुशाल करावीत. परंतु जुन्या वळणाचे अनुस्वार काढायला सांगितले, तर ‘पांच’चा ‘पाच’ होईल, आणि त्याच झपाट्यात ‘संता’चा ‘सत’ही होईल! उच्चार होत नाही तोच अनुस्वार गाळायचा असतो, आणि यंत्राला कान नाहीत. त्याला शब्दकोश दिला म्हणजे ही चूक टळते. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन्ही शब्द कोशात आहेत, त्याला काय करणार? भाषा शिकलेली आजची यंत्रे संदर्भावरून बहुधा बरोबर निवड करतात. मात्र चुकतात तेव्हाही तितक्याच आत्मविश्वासाने चुकतात.

याहून मोठा धोका निराळाच आहे. वऱ्हाडातील आजीच्या तोंडचे ‘मले’ किंवा मालवणी माणसाचे ‘माका’ यंत्राने ‘मला’ करून टाकले, तर लेख शुद्ध होईल, पण त्यातून आजी निघून जाईल. म्हणूनच खुणांचे महत्त्व. ‘हे संभाषण’, ‘हे जुन्या ग्रंथातील अवतरण’ अशी खूण असली, की तेथे हात लावू नये, असे यंत्राला बजावता येते.

तात्पर्य, जेथे एकच उत्तर आहे तेथे यंत्राने दुरुस्ती करावी. जेथे दोन संभवतात तेथे नुसते बोट दाखवावे. आणि केलेल्या प्रत्येक बदलाची यादी संपादकापुढे ठेवावी. वीस लेखांचे मथळे एकसारखे झाले, तर वाचकाची सोय होते. वीस लेखकांचे आवाज एकसारखे झाले, तर वीस जणांकडून लेख मागविण्याचे कारणच उरत नाही.