‘व्हेरिफाय’ झालं म्हणजे काय झालं?

आपण जालन्याच्या एमआयडीसीत बसलो आहोत. आजूबाजूला भंगार वितळवून सळया करणारे कारखाने आहेत, तेव्हा उदाहरण भट्टीचंच घेऊ.

इंडक्शन भट्टीच्या तांब्याच्या कॉइलमधून थंड पाणी सतत फिरत असतं. ते थांबलं तर कॉइल जळते; आणि फुटक्या कॉइलमधलं पाणी वितळलेल्या पोलादाखाली गेलं तर स्फोट होतो. समोर माणसं उभी असतात. समजा, हा प्रवाह दर मिनिटाला तपासणारा प्रोग्रॅम एका मुलानं आर्डुइनो उनोवर लिहिला. (प्रत्यक्षात तिथं पीएलसी आणि स्वतंत्र सुरक्षा यंत्रणाच हवी. हे आपलं शिकण्यापुरतं.)

आर्डुइनो आयडीई म्हणजे लिहायची वही, कंपायलर आणि चिपमध्ये प्रोग्रॅम भरायची सोय, सगळं एका खिडकीत. ‘व्हेरिफाय’ दाबलं की राहिलेला अर्धविराम, उघडा कंस लगेच कळतो. काही निघालं नाही की मुलगा म्हणतो, “सर, व्हेरिफाय झालं!” आता थांबा. काय व्हेरिफाय झालं?

न्यायशास्त्रात वाक्याला आकांक्षा आणि सन्निधी यांच्याबरोबर योग्यताही लागते. ‘त्याने विस्तवाने झाड शिंपले’ यात व्याकरण चोख आहे, पण विस्तवानं शिंपता येत नाही. आयडीई व्याकरण बघते. योग्यता आपण बघायची.

मुलानं वेळ ‘मिलिस’मधून घेतली आणि ‘इंट’ प्रकारात ठेवली. उनोवर इंट १६ बिटांचा, म्हणजे ३२,७६७ च्या पुढं जातच नाही, उलटून उणे होतो. मिनिट मात्र ६०,००० मिलिसेकंदांचं. म्हणजे त्याचं मिनिट कधी भरणारच नाही आणि पाणी कधी तपासलंच जाणार नाही! व्हेरिफाय तरी बिनतक्रार होतं, कारण मूळ सेटिंगमध्ये कंपायलरचे इशारे बंद असतात. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ते आधी ‘ऑल’ करा.

दोष शोधायला त्याच खिडकीत सीरियल मॉनिटर आहे. प्रोग्रॅममध्ये ९६०० बॉड असेल तर मॉनिटरलाही ९६००च ठेवा, नाहीतर अगम्य अक्षरं दिसतील. वेळ छापत राहा. तेहतिसाव्या सेकंदाला आकड्यापुढं उणे चिन्ह येईल. मग ‘अनसाइन्ड लाँग’ वापरा. तोही सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो, पण ‘आत्ताची वेळ वजा मागची वेळ’ असं लिहिलं तर हिशेब बिघडत नाही.

आणि टेबलावरच पाणी बंद करून बघा. मिनिटभरात भोंगा वाजला पाहिजे. पाणी सोडा, पुन्हा बंद करा, पुन्हा मिनिट मोजा.