तुमची वेबसाइट गुगलवर आहे की नाही? आकडे काय सांगतात आणि काय नाही

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात कुरुंदा नावाचं गाव आहे. हा सगळा पट्टा हळदीचा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. आता समजा, कुरुंद्यातल्या एका शेतकऱ्यानं हळद थेट गिऱ्हाइकाला विकायची म्हणून ६० पानांची वेबसाइट काढली. बनवून देणारा म्हणाला, "सगळी पानं गुगलवर आली." शेतकऱ्यानं तपासलं तर एका ठिकाणी ४१ पानं दिसली, दुसऱ्या ठिकाणी ३३. मग फसवलं कुणी? बनवणाऱ्यानं की गुगलनं?

कदाचित कुणीच नाही. हे आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

इंडेक्स म्हणजे काय?

आपण गुगलवर शोधतो तेव्हा गुगल त्या क्षणी सगळं इंटरनेट पालथं घालत नाही. त्याचा बॉट आधीच वेबसाइटवर फिरून पानं वाचतो. याला क्रॉलिंग म्हणतात. वाचलेल्यापैकी ठेवण्यासारखी वाटलेली पानं गुगल आपल्या साठ्यात नोंदवतो. तो साठा म्हणजे इंडेक्स. बॉटनं वाचलेलं प्रत्येक पान तिथे जातंच असं नाही. सगळे नियम पाळले तरी पान नोंदवलं जाईलच याची हमी गुगल स्वतःही देत नाही.

पहिला आकडा : साइट शोध

गुगलवर 'साइट', मग कोलन आणि पुढे वेबसाइटचा पत्ता, असं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की त्या वेबसाइटची पानं दिसतात. पण ही यादी पूर्ण असेलच असं नाही आणि निकालांची संख्या हा निव्वळ अंदाज असतो. एखादं पान इथे दिसलं तर ते इंडेक्समध्ये आहे. दिसलं नाही तर ते नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही.

दुसरा आकडा : सर्च कन्सोल

वेबसाइटच्या मालकांसाठी गुगलचं हे मोफत साधन आहे. २०१५ पर्यंत त्याचं नाव वेबमास्टर टूल्स होतं. किती पानं इंडेक्समध्ये आहेत, किती नाहीत आणि का नाहीत, हे त्यातला पेज इंडेक्सिंग अहवाल सांगतो. साइट शोधापेक्षा हा जास्त भरवशाचा, पण त्यालाही मर्यादा आहेत. अहवाल काही दिवस मागे असू शकतो. प्रत्येक कारणाखाली उदाहरण म्हणून जास्तीत जास्त १,००० पत्तेच दिसतात. शिवाय 'इंडेक्समध्ये नाही' या यादीतलं सगळंच वाईट नसतं. एकाच पानाचे दोन पत्ते असतील तर गुगल एकच ठेवतो, आणि ते बरोबरच आहे.

तिसरं उत्तर : एकेका पानाची तपासणी

सर्च कन्सोलमध्येच यूआरएल इन्स्पेक्शन आहे. एका पानाबद्दल खात्री करायची तर हेच वापरायचं. पण त्यातही दोन भाग आहेत. पहिलं उत्तर बॉट शेवटचा येऊन गेला तेव्हाचं असतं. 'लाइव्ह टेस्ट' आत्ताची स्थिती तपासते, पण ती फक्त पान नोंदवता येईल का ते सांगते, नोंदवलंय का ते नाही. आणि 'पान गुगलवर आहे' असं उत्तर आलं तरी ते 'वसमत हळद' शोधणाऱ्याला दिसेलच असं नाही. नोंद होणं वेगळं, वर येणं वेगळं.

गुगलचीच चूक असली तर?

तसंही घडलंय. एप्रिल २०१९ मध्ये गुगलच्या इंडेक्समधून काही पानं अचानक गायब झाली. जगभरात ठिकठिकाणच्या डेटा सेंटरमध्ये नवा इंडेक्स पाठवताना काही ठिकाणी त्याचा भाग पुसला गेला होता. वेबसाइटच्या मालकांचा यात काही दोष नव्हता. पण त्याच काळात सर्च कन्सोलची माहितीही बिघडली. म्हणजे ज्या साधनावर मालकांनी भरवसा ठेवायचा, तेच अडकलं. ऑगस्ट २०१९ मध्ये गुगलनं आपल्या ब्लॉगवर हा प्रकार समजावून सांगितला.

धोका इथेच आहे. असा आकडा बघून घाबरलेला मालक चांगली पानं काढून टाकतो, पत्ते बदलतो, नाहीतर 'दोन दिवसांत इंडेक्स करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देतो. खरं तर इंडेक्सिंगची विनंती सर्च कन्सोलमधून फुकट करता येते. त्याला काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात आणि पुन्हा पुन्हा बटण दाबून वेग वाढत नाही.

मग करायचं काय?

• पानं ५०० पेक्षा कमी असतील तर एकूण आकड्यामागे लागू नका. पहिलं पान, भावाचं पान, संपर्काचं पान अशी महत्त्वाची पाच-दहा पानं एकेक करून तपासा.

• एका दिवसाच्या घसरणीवर निर्णय घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांचा कल बघा. गुगलनं काही बिघाड जाहीर केलाय का, तेही पाहा.

• 'नोइंडेक्स' ही सूचना चुकून राहिली नाही ना, ते बघा. वेबसाइट तयार होत असताना ती लावतात आणि नंतर काढायची विसरते.

• मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाका. जुन्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण गुगलला ती निरर्थक इंग्रजी अक्षरं वाटतात. सगळी माहिती एका फोटोत टाकण्यापेक्षा मजकूर म्हणून लिहा.

• वेबसाइट बनवणाऱ्याला सांगा, सर्च कन्सोलची मालकी माझ्या ईमेलवर हवी. आकडे स्वतःला दिसले तरच ते पडताळता येतात.

आणि कुरुंद्याच्या त्या शेतकऱ्यानं ४१ की ३३ हा हिशोब सोडलेला बरा. हळदीचा भाव आणि फोन नंबर असलेलं पान इंडेक्समध्ये आहे का, हे त्यानं आधी बघावं. गिऱ्हाईक त्याच पानावरून फोन करणार आहे.