शहरांची घरे : भाग ६
ओसाकाचे इकाइनो

१८९३ मध्ये टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कंपनीने मुंबई ते कोबे अशी आगबोटींची सेवा सुरू केली आणि आपला कापूस थेट ओसाकाच्या गिरण्यांकडे जाऊ लागला. गिरण्या वाढल्या, कारखाने वाढले, माणसे येत राहिली. १ एप्रिल १९२५ रोजी आसपासची गावे सामावून घेऊन ओसाका २१ लाख वस्तीचे, टोकियोहूनही मोठे शहर झाले. त्या दिवशी शहरात आलेल्या पूर्वेकडच्या पट्ट्यात इकाइनो होते.

हा भाग सखल. हिरानो नदी वळणे घेत वाहायची आणि पाणी शेतांत शिरायचे. १९२० च्या सुमारास नदीला सरळ कालवा काढला गेला, जमिनीचे चौकोनी तुकडे आखले गेले आणि भातखाचरांवर नागाया उभ्या राहिल्या. नागाया म्हणजे एका छपराखालची, सामाईक भिंतींची लाकडी घरांची रांग. आपली चाळ मजल्यांवर चढते, नागाया गल्लीच्या कडेने लांबत जाते.

खोली मोजायची ती ततामींत. पेंढ्याची ही जाड चटई साधारण सहा फूट लांब, तीन फूट रुंद. साडेचार ततामींची खोली ८० चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या निम्मी. त्यातही ओसाकाची जुनी रीत अशी, की मालक घराचा सांगाडा तेवढा भाड्याने देई. ततामी आणि सरकती दारे भाडेकरूने आणायची. हातावर पोट असलेल्या माणसाने ती कुठून आणावीत?

आणि इथे येणारे बहुतेक तसेच होते. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला. पुढे कोरियाच्या जेजू बेटावरून ओसाकाला थेट बोट सुरू झाली आणि रबर, काच, धातूच्या छोट्या कारखान्यांना स्वस्त मजूर मिळाले. कामावर घेणारे पुष्कळ होते, घर देणारे थोडे. कोरियन भाडेकरू भाडे थकवतात, एकाच्या नावावर दहा जण राहतात, घर घाण करतात, अशा सबबी घरमालक पुढे करत. पण दहा जण राहायचे ते दुसरीकडे कोणी दारात उभे करत नव्हते म्हणून. ज्याला कसेबसे घर मिळे, तो गावच्या माणसांना पोटभाडेकरू म्हणून ठेवी. त्यातून भाडे निघे आणि गावकऱ्यांना आसराही मिळे. मग तीच दाटी पुढच्या नकाराचे कारण व्हायची. मुंबईत जात किंवा धर्म विचारून खोली नाकारली गेलेल्यांना हे चक्र वेगळे समजावून सांगायला नको.

ओसाकाचे त्या काळचे महापौर सेकी हाजिमे हे मुळात प्राध्यापक, आणि घरांचा प्रश्न हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय. १९३५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी शहर घडवले. रुंद मिदोसुजी रस्ता आणि १९३३ ची भुयारी रेल्वे आजही त्यांची साक्ष देतात. त्यांच्या दृष्टीविषयी मला मनापासून आदर आहे. पण नगरपालिकेची घरे गरजेच्या मानाने थोडीच होती. १९२७ च्या वस्तीसुधार कायद्याखाली ओसाकात निवडली गेली ती शिमोदेरा आणि निप्पोनबाशीकडची जुनी वस्ती. इकाइनोसारख्या नव्या भागातले भाडे आणि नकार घरमालकांच्याच हाती राहिले. माझ्या मते सेकींच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी उणीव हीच.

१९३० च्या दशकाअखेर ओसाकातील कोरियनांची संख्या दोन लाखांच्या वर गेली होती. १९७३ मध्ये इकाइनो हे नाव पत्त्यांतून काढून टाकण्यात आले. पुढच्या भागात टोकियोकडे वळू : १९२३ च्या भूकंपानंतर जमलेल्या देणग्यांतून स्थापन झालेल्या दोजुंकाई संस्थेने काँक्रीटच्या इमारती बांधल्या, त्यांची हकिगत.