मे महिन्यातील मुंबई : एका पाहुणचाराचा मागोवा

इंग्रजी अमदानीत उन्हाळा चढू लागला म्हणजे मुंबई इलाख्याचा गव्हर्नर आपले चिटणीस, कारकून, शिपाई आणि दप्तराच्या पेट्या यांसह महाबळेश्वरी मुक्कामास जात असे आणि पाऊस कोसळू लागला की तेथून उतरून पुण्यास येत असे. मुंबईचा वैशाख साहेबास सोसवत नाही, हे गृहीत धरूनच सरकारी कामाची सारी तजवीज होई. परंतु ज्या दिवसांत राज्यकर्ते या शहराकडे पाठ फिरवून घाट चढत, नेमक्या त्याच दिवसांत सातारा, सांगली, नगर, नाशिक, खानदेश या प्रांतांतील साधीसुधी कुटुंबे ट्रंका, वळकट्या आणि पिठामिठाची गाठोडी घेऊन घाट उतरत आणि मुंबईत आपल्या आप्तांच्या दारी येऊन थडकत. त्याच वेळी मुंबईचे चाकरमानी आपली बिऱ्हाडे घेऊन कोकणाकडे निघत. येणाऱ्यांचा आणि जाणाऱ्यांचा हा दुहेरी ओघ सुमारे शंभर वर्षे मे महिन्याचे वैशिष्ट्य होऊन राहिला. त्यांपैकी जाणाऱ्यांविषयी आपल्या साहित्यात विपुल लिहिले गेले आहे. येणाऱ्यांची आणि त्यांची सरबराई करणाऱ्या घरांची हकीकत मात्र नीट मांडली गेली नाही, आणि ती मांडण्याजोगी आहे असे मला मनापासून वाटते.

उन्हाळ्यात मुंबईस कोणी का यावे, असा प्रश्न आजच्या वाचकास पडेल. जळगाव, अकोला किंवा नागपूर येथे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर सहज जातो, तर मुंबईत तो बहुधा ३५ अंशांच्या आतच राहतो. हवेतील दमटपणामुळे अंगाची घामाने काहिली होते हे खरे, परंतु दुपार कलल्यावर समुद्रावरून जो वारा सुटतो त्याचे अप्रूप भाजून निघालेल्या मुलखातील माणसासच कळावे. शाळांना सुट्टी, शेतात पेरणीपूर्वीची उसंत आणि कोर्टकचेऱ्यांतील रजेचे दिवस, हे सारे एकत्र येण्याचा काळही हाच होता. म्हणून ज्यास मुंबई पाहावयाची असेल त्याने ती उन्हाळ्यातच पाहावी, असा जणू रिवाज पडला होता.

हा रिवाज लोहमार्गाने शक्य केला. १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यातच, बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून रूळ वर चढले आणि ज्या प्रवासास पूर्वी बैलगाडी, पनवेलचा मुक्काम व पुढे खाडीतील होडी अशी अनेक दिवसांची यातायात पडे, तो एका दिवसरात्रीचा झाला. बोरघाट खुला झाला त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगावकर यांचा ‘मुंबईचें वर्णन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. घाटावरील माणसास मुंबई गाठण्याची सोय आणि तिची मराठीतून ओळख, ही दोन्ही एकाच वर्षी त्याच्या हाती आली. कोकणातून येणाऱ्यांस मात्र पुढेही दीर्घकाळ आगबोटीचाच आधार होता. पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडत असल्यामुळे भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या पाहुण्याचा परतीचा दिवस यजमानाच्या सोयीपेक्षा समुद्राच्या मर्जीवर ठरत असे.

हा पाहुणा उतरे कोठे? सर्वसामान्य माणसास हॉटेलाचा विचारही शिवत नसे. तो उतरे गिरगावात, परळात, लालबागेत, दादरला, कोणा काकाच्या, मावशीच्या किंवा गावच्या शेजाऱ्याच्या खोलीत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे ज्या बी. डी. डी. चाळी बांधल्या त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्यात पाच-सात माणसांचा संसार आधीच थाटलेला, आणि त्यातच मे महिन्यात आणखी चौघे-पाच सामावून जात. ज्यांचे कोणीच आप्त नव्हते त्यांच्यासाठीही गावाने व्यवस्था केलेली असे. गिरणगावात घाटावरच्या कित्येक गावांच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या खोल्या होत्या आणि धोबीतलावाच्या आसपास गोव्यातील गावागावांचे ‘कूड’ होते. जहाजावर नोकरी शोधण्यास आलेला तरुण आणि औषधपाण्यासाठी आलेला वृद्ध, दोघेही आपल्या गावच्या कुडात हक्काने ट्रंक टेकवीत. अनोळखी शहरात गावाचे नाव सांगताच निवारा मिळावा, ही सोय कोणत्याही सरकारी हुकुमाने निर्माण झालेली नव्हती.

मी स्वतः या पाहुण्यांपैकीच एक. बालपणीचे कित्येक उन्हाळे मी गिरगावातील आत्याच्या खोलीत काढले. पहाटे पाण्याच्या नळापाशी लागणारी बायकांची रांग, शौचकूपाबाहेर टमरेल घेऊन उभे राहण्यातला संकोच, दुपारी दार पुढे लोटून घेतलेली झोप, आणि रात्री जेवणे उरकल्यावर गच्चीवर अंथरलेल्या सतरंज्यांवर शेजारपाजारच्या पाहुण्यांसह रंगणाऱ्या गप्पा, असा त्या दिवसांचा क्रम असे. त्या गच्चीवर विदर्भातला मुलगा ‘काहून’ म्हणे, कोल्हापूरची मुलगी ‘लई’ म्हणे, मालवणहून आलेली आजी आपल्या हेलात भुतांच्या कथा सांगे. निरनिराळ्या प्रांतांतील मराठी प्रथमच एकमेकींच्या कानी पडण्याचे ते ठिकाण होते. संयुक्त महाराष्ट्र १ मे १९६० रोजी कायद्याने अस्तित्वात आला. त्याची ओळख मात्र या गच्च्यांवर आधीपासून होत आली होती, असे माझे निश्चित मत आहे.

मुंबई पाहण्याचाही एक ठरलेला क्रम होता. प्रथम राणीचा बाग. १८६२ साली लोकांस खुल्या झालेल्या या उद्यानात वाघ-सिंह पाहून झाल्यावर जाणते यजमान मुलांना शेजारच्या वस्तुसंग्रहालयात नेत. १८७२ साली उघडलेल्या आणि पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव लाभलेल्या त्या इमारतीत निरनिराळ्या जातिजमातींच्या व व्यवसायांच्या मातीच्या प्रतिकृती मांडलेल्या आहेत, आणि आवारात घारापुरीहून आणलेला प्रचंड दगडी हत्ती उभा आहे. आपल्या गावातील कुंभाराचे किंवा विणकराचे काम काचेआड ठेवण्याइतके मोलाचे आहे, ही जाणीव खेड्यातील मुलास तेथे प्रथम होई. नंतर राजाबाई टॉवर, गेटवे, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधील चिलखते आणि पेंढा भरलेले पशुपक्षी, मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डन. १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय आणि १९५२ साली कमला नेहरू उद्यानातील म्हातारीचा बूट यांची या यादीत भर पडली, आणि पुढे १९७७ पासून नेहरू तारांगणाची. ३१ मार्च १९६४ रोजी बंद होईपर्यंत ट्राम हेच एक प्रेक्षणीय स्थळ होते. एक आण्याच्या तिकिटावर शहराचा निम्मा फेरफटका घडे, आणि दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा मिळाली तर त्या दिवसाचे सार्थक होई. सायंकाळी चौपाटी. समुद्र पाहण्यास दाम पडत नसे, आणि म्हणूनच तो रोज पाहता येई.

या सहलींपलीकडे आणखीही एक शिक्षण होते. १९५९ साली सुधा करमरकर यांनी लिटल थिएटर स्थापून बालरंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली, पाठोपाठ १९६२ साली रत्नाकर मतकरी यांची बालनाट्य ही संस्था आली, आणि सुट्टीच्या हंगामात मुलांसाठी नाटके होऊ लागली. ज्या मुलाने गावी जत्रेतील तमाशा किंवा देवळातील कीर्तन एवढेच पाहिले होते, त्याच्यासमोर आपल्याच वयाची पात्रे दिव्यांच्या झगमगाटात बोलू लागत. त्याला पुढे लेखक, नट, अभियंता, डॉक्टर व्हावेसे वाटले, तर त्या इच्छेचे बीज कित्येकदा अशा एखाद्या दुपारी पेरले गेलेले असे.

सर्वच पाहुणे हौसेने येत, असे मात्र नाही. १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. आणि १९४१ साली उघडलेले टाटा रुग्णालय यांचा लौकिक गावोगाव पोहोचला होता आणि शेतीच्या कामांतून सवड मिळे ती उन्हाळ्यातच. म्हणून आजाऱ्यास घेऊन येणारा नातलगही याच दिवसांत दारी उभा राही. लग्नाचा बस्ता बांधणारे, मुलगी दाखविण्यास आणणारे, मॅट्रिक झालेल्या मुलास नोकरीस चिकटवू पाहणारे, सगळ्यांचा मुक्काम त्याच खोलीत. १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि घरातील प्रत्येक दाणा मोजून येऊ लागला, तेव्हाही ही दारे बंद झाली नाहीत. याचे श्रेय कोणास द्यावयाचे ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पाहुण्याला रेल्वे स्टेशनावरून आणण्याचा मान पुरुषाचा होता. पहाटे चार वाजता उठून जादा हंडे भरणारी, स्टोव्हवर दुप्पट पोळ्या लाटणारी, स्वतः सर्वांच्या शेवटी जेवणारी आणि महिनाअखेरीस वाण्याची उधारी निस्तरणारी ती त्या घरची गृहिणी होती. तिला स्वतःला मुंबई पाहण्यास सवड मिळाली नाही. माझ्या आत्याने म्हातारीचा बूट आतून कधी पाहिला नव्हता, हे मला ती गेल्यानंतर कळले. या शहराच्या आतिथ्याचा इतिहास लिहावयाचा झाला तर त्याच्या अर्पणपत्रिकेत तिच्यासारख्या हजारो स्त्रियांची आठवण असली पाहिजे.

ही व्यवस्था मोडली ती एकाएकी नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे कधीच उभे राहिले नाही. ज्यांच्या खोल्यांत गावेच्या गावे उतरत असत त्यांतील कित्येक कुटुंबे गावी परतली किंवा डोंबिवली, विरार, कल्याण, पनवेल अशा दूरच्या उपनगरांत गेली. १९८१ साली सुमारे ८२ लाख असलेली मुंबईची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत सव्वा कोटीच्या घरात पोहोचली, आणि जागेचा भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेला. चाळी पाडून जे मनोरे उभे राहिले त्यांत प्रत्येकास स्वतंत्र नळ, स्वतंत्र शौचालय, बंद होणारे दार मिळाले. या सुखसोयींची निंदा मी मुळीच करणार नाही. नळावरच्या रांगेत ज्यांनी आयुष्य घालविले त्यांना हे सुख फार उशिरा मिळाले. परंतु सामाईक गच्ची आणि सामाईक ओसरी यांबरोबर पाहुण्याची पथारीही गेली. दोघेही नोकरीस जाणाऱ्या घरात दिवसभर दार उघडण्यास कोणी उरले नाही, आणि मुलांच्या सुट्ट्या शिकवण्यांनी व छंदवर्गांनी व्यापल्या.

आज कोकण रेल्वेने आणि द्रुतगती महामार्गाने मुंबई पूर्वीपेक्षा फार जवळ आली आहे. राणीच्या बागेत २०१७ पासून पेंग्विन पाहावयास मिळतात, समुद्रावरून पूल गेले आहेत, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या लाल दुमजली बसगाड्या निवृत्त होऊन त्यांची जागा वातानुकूलित गाड्यांनी घेतली आहे. पाहण्याजोग्या गोष्टी वाढल्या, पोहोचणे सुलभ झाले, आणि तरीही मराठवाड्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाला आठ-पंधरा दिवस मुंबईत राहून ती निवांत अनुभवणे त्याच्या आजोबांपेक्षा अधिक दुर्घट झाले आहे. सकाळी येऊन रात्रीच्या गाडीने परतणाऱ्यास शहराची वास्तू दिसते. तेथील माणसे कशी उठतात, कशी भांडतात, एकमेकांस कशी सांभाळतात, हे त्याच्या दृष्टीस पडत नाही. नगर आणि ग्राम यांच्यातील जो अविश्वास आज आपल्या सार्वजनिक जीवनात जाणवतो, त्याची कारणे अनेक असतील. एकमेकांच्या घरी राहणे थांबले, हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण आहे, असे मी मानतो.

जे एका घरास आता झेपत नाही, ते समाजाने मिळून करता येते, याचा दाखला दादरलाच आहे. संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या तेथील धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेल्या रुग्णांची व त्यांच्या नातलगांची राहण्याची सोय होते. आजारी पाहुण्यासाठी जे आपण करू शकलो ते निरोगी बालकासाठी का करू नये? मे महिन्यात महानगरपालिकेच्या शाळांच्या इमारती सुट्टीमुळे रिकाम्या असतात. तेथे पाणी आहे, प्रशस्त वर्ग आहेत, खेळण्यास पटांगणे आहेत. जिल्ह्याजिल्ह्यातील शाळांतून निवडलेली मुले शिक्षकांसह तेथे पंधरा दिवस राहावीत, सकाळी त्यांनी संग्रहालये, बंदर, विद्यापीठ, नाट्यगृहे पाहावीत, आणि सायंकाळी मुंबईतीलच मुले त्यांच्याबरोबर खेळावयास व जेवावयास यावीत, एवढी तरतूद करणे महानगरपालिकेस आणि राज्य सरकारला अशक्य नाही. पुढील दिवाळीत मुंबईच्या मुलांनी त्यांच्या गावी जावे, म्हणजे हे ऋण दोन्ही बाजूंनी फिटत राहील. १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या माणसांनी जे शतकभर केले, ते त्यांच्याच श्रमांवर उभ्या राहिलेल्या या श्रीमंत शहराने आता आपले कर्तव्य म्हणून अंगावर घ्यावे.